पुना टेलरचं म्हणणं

१

१९८६ सालच्या त्या उन्हाळ्यात प्रमिला बिऱ्हाडेचा खरा दिवस दुपारी दोनला सुरू व्हायचा. बहिणीच्या घरची भांडीकुंडी आवरून ती छत्री उघडायची, पांझरेचा पूल ओलांडायची आणि देवपुरातल्या बन्सीलाल नेरकरांच्या दाराची कडी वाजवायची. नदीत पाणी नावालाच उरलेलं असायचं, आणि त्या ओलीत गाढवं माना खाली घालून उभी असायची. रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. धुळ्यात मे महिन्यात दुपारी दोनला बाहेर पडतो तो एकतर वेडा किंवा गरजू, असं तिची बहीण म्हणायची. प्रमिला गरजू होती. लघुलेखनाची परीक्षा चांगल्या वेगाने पास होऊन तिला दीड वर्ष झालं होतं आणि नोकरीची ऑर्डर काही येत नव्हती.

दार उघडायच्या त्या नानांच्या बायको, द्रौपदाबाई. गल्ली त्यांना अक्का म्हणायची.

"ये वं पोरी. पह्यले पानी पी. नाना तुन्ही वाट दखी राह्यनात."

माठातलं पाणी हातात देऊन अक्का मधल्या खोलीत सतरंजीवर आडव्या व्हायच्या. दोन मिनिटांत त्यांचं घोरणं सुरू व्हायचं. बाहेरच्या खोलीत कूलर घरघरत असायचा, वाळ्याचा ओला वास पसरलेला असायचा आणि खुर्चीत नाना बसलेले असायचे.

नाना म्हणजे बन्सीलाल नेरकर. शाळेत मास्तरकी करता करता त्यांनी एकतीस रहस्यकथा लिहिल्या होत्या. इन्स्पेक्टर दुसाने हा त्यांचा नायक. एके काळी खानदेशातल्या वाचनालयांत दुसान्यांची पुस्तकं पानं सुटेपर्यंत फिरायची. सगळ्यांत गाजलेलं पहिलं, 'पांझरेकाठचा खून'. त्यात मंजुळाबाई नावाची बाई भर दुपारी आपल्या घरात मेलेली सापडते, गळ्याभोवती कपडे मापायची टेप. दुसाने पाच माणसांचे जबाब घेतात आणि शेवटी पुना टेलरला पकडतात. पुना फासावर जातो.

जळगावचे प्रकाशक कौतिकशेठ यांच्या डोक्यात त्या वर्षी नवी कल्पना आली. "नाना, गोष्ट तीच ठेवा. फक्त पुनाच्या तोंडून सांगा. लोकांना आता पोलिसाचा कंटाळा आलाय, त्यांना गुन्हेगाराच्या डोक्यात शिरायचंय." नानांचा उजवा हात कापायचा, पेन धरवत नसे. म्हणून कौतिकशेठनी लिहून घ्यायला प्रमिलाला पाठवलं.

नाना सांगत फार छान. एकेक वाक्य घडवलेलं. एक वाक्य बोलून थांबायचे, मान किंचित डावीकडे कलती करायचे, मग दुसरं बोलायचे. खिशात श्रवणयंत्राची डबी आणि तिची वायर डाव्या कानात. ही एवढी वायर एका सोमवारी तुटली.

प्रमिला वही उघडून बसली. नाना नुसतेच बसले. दहा मिनिटं गेली.

"नाना, सुरू करायचं?" तिने ओरडून विचारलं.

"आज नाही होणार. मशीन बिघडलंय."

"मी मोठ्याने बोलीन. तुम्ही फक्त सांगत जा."

"अगं, सांगू कसं?" नाना वैतागून म्हणाले. "ऐकू येत नाही ना आज काही."

२

पुलावरून परतताना प्रमिलाने त्या वाक्याचा शंभर अंगांनी विचार केला. म्हातारा माणूस, कानात मशीन असल्याशिवाय त्याला बोलायचा धीर होत नसेल. बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की बोलणं तुटतं, असं तिने ऐकलं होतं. त्यात काय एवढं?

वायर जळगावहून यायला आठ दिवस लागले. ती आली आणि नाना पुन्हा पहिल्यासारखे सांगू लागले. पण आता प्रमिलाचं लक्ष मधल्या थांब्यांकडे लागलं. सुचण्यासाठी थांबणारा माणूस कधी थोडा थांबतो, कधी जास्त. नानांना मोठं वाक्य बोलायचं असेल तर ते आधी जास्त वेळ थांबत, लहान असेल तर कमी. जणू पुढचं वाक्य आधी कुणीतरी पूर्ण म्हणून होत होतं. आणि त्यांची मान कलायची ती नेहमी एकाच बाजूला, मधल्या खोलीच्या दाराकडे.

तिने विचार झटकला. तिला दुसराच ताप होता. दीडशे पानं झाली तरी खून होत नव्हता. पुना सकाळी उठायचा, इस्त्रीत कोळसे भरायचा, मशीनला तेल द्यायचा, मंजुळाबाईच्या घरी माप घ्यायला निघायचा. उंबऱ्याशी पोचला की नाना म्हणायचे, "खोड."

"काय खोडू?"

"शेवटची दोन पानं. असं नव्हतं म्हणे."

ती खोडायची. दुसऱ्या दिवशी पुना पुन्हा उठायचा, पुन्हा कोळसे भरायचा. कधी मागच्या दाराने जायचा, कधी पुढच्या. एकदा तर चार दिवस तो नुसता ओसरीवर बसून राहिला आणि घरात किती पावलांवर काय आहे तेच सांगत राहिला. मग, "खोड." घरी आल्यावर प्रमिलाचं मनगट ठणकायचं. जे ठेवायचं नाही ते लिहायला लावणाऱ्या माणसाला काय म्हणावं? तिने बहिणीपाशी कुरकुर केली. बहीण म्हणाली, "ऑर्डर येईपर्यंत कर. घरात बसून तरी काय करशील?"

मे संपताना कौतिकशेठ स्वतः आले. घाम पुसत त्यांनी वही चाळली आणि कपाळाला हात लावला.

"नाना, अहो खून कुठंय? दिवाळीला पुस्तक काढायचंय आपल्याला. हा माणूस नुसता दारापर्यंत जातो नि परत येतो."

"मी तरी काय करू?" नाना म्हणाले. "तो पुढे जातच नाही."

"न जाऊन कसं चालेल? तुमचाच तो. द्या ढकलून आत!"

कौतिकशेठ मोठ्याने हसले. नाना हसले नाहीत. त्यांनी मधल्या खोलीच्या दाराकडे असं पाहिलं, जसं कुणी ऐकलं तर नाही ना हे बघावं.

३

त्यानंतरच्या बुधवारी प्रमिला कडी वाजवणार तोच आतून नानांचा आवाज आला. ते चिडून बोलत होते.

"मी लिहिलंय ते. मीच लिहिलंय! तुला काय विचारायचं होतं त्यात?"

मग शांतता. ती ओळखीची शांतता, मोठ्या वाक्याएवढी.

"मग काय, बदलून टाकू? अकरा आवृत्त्या निघाल्यात!"

पुन्हा शांतता.

अक्कांशी भांडत असतील, असं तिने स्वतःला सांगितलं. तेवढ्यात मागून अक्काच आल्या, हातात दळणाचा डबा. "कसाले उनमा उभी वं? चाल मझार."

खोलीत नाना एकटेच होते. अक्का डबा ठेवून मधल्या खोलीत जाऊन आडव्या झाल्या. प्रमिलाने वही उघडली आणि लगेच मिटली. आज स्पष्टच विचारायचं तिने ठरवलं.

"नाना, तुम्ही कुणाशी बोलत होतात?"

नानांनी कापणारा हात दुसऱ्या हाताने धरून ठेवला. "तुला सांगितलं तर तू उद्यापासून येणार नाहीस."

"नाही सांगितलंत तरी येणार नाही."

नानांनी टेबलावरचं 'पांझरेकाठचा खून' तिच्यापुढे सरकवलं.

"पुना नावाचा माणूस कधी नव्हता, हे आधी लक्षात घे," ते म्हणाले. "असा कुठला खटलाही झाला नव्हता. अमळनेरहून येताना एस.टी.त बसल्या बसल्या मी तो रचला. दुसान्यांना पकडायला कुणीतरी हवं होतं. कपडे शिवणारा माणूस घरोघर जातो, त्याच्यावर कुणी संशय घेत नाही, म्हणून टेलर. एवढंच. अन् आता पुस्तक सांगायला बसलो, तर तो म्हणतो, मी हे केलं कधी?"

"म्हणजे?"

"पुस्तक उघड. पहिल्या पानावर काय आहे?"

तिला ते पाठ होतं. पहिल्या पानावर शेजारीण दार ढकलते आणि मंजुळाबाई पडलेली दिसते.

"बाई मेलेलीच सापडते," नाना म्हणाले. "नंतर तपास, जबाब, कोर्ट, फाशी. खून कुठेच नाही त्यात. रहस्यकथेत तो दाखवायचाच नसतो ना! तो म्हणतो, मला फासावर चढवलंत, तीस वर्षं लोक माझं नाव घेऊन थुंकतात, अन् ज्यासाठी चढवलंत ते मी केलेलंच नाही. करायला मिळालंच नाही. मग सांगू काय?"

प्रमिलाला एकदम हसू आलं. हसू ओठांपर्यंत येऊन तिथेच थांबलं, कारण नाना पुढे जे बोलले ते त्यांनी अगदी हळू, दाराकडे पाठ करून सांगितलं.

"तो म्हणतो, आधी करतो. मग सांगतो."

४

ती दुसऱ्या दिवशी गेली. का गेली, हे तिला नंतरही नीट सांगता आलं नाही. न जायचं तर कौतिकशेठना कारण काय द्यायचं, असा एक विचार होता. आणि म्हातारपणी माणसं भ्रमिष्ट होतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, असा दुसरा.

त्या दुपारी नानांनी एकही वाक्य सांगितलं नाही. तीनच्या सुमारास ते उठले, कानातून वायर काढली, डबीसकट टेबलावर ठेवली आणि तोंड धुवायला मागच्या मोरीवर गेले. कानाबाहेर पडलेलं यंत्र बारीक शिटी घालू लागलं. ती शिटी तिला सहन होईना. बटण कुठे आहे ते तिला माहीत नव्हतं. नानांनी एकदा सांगितलं होतं, कानात घातलं की शिटी बंद होते.

तिने ते कानात घातलं.

शिटी थांबली. खोली एकदम अंगावर आली. पंख्याची कुरकुर, कूलरच्या टाकीत ठिबकणारं पाणी, मोरीतला तांब्या, गल्लीतल्या कुठल्या तरी रेडिओची खरखर, सगळं कानाच्या आत घडत असल्यासारखं. मधल्या खोलीतून अक्कांचं घोरणं येत होतं. त्या घोरण्याच्या अगदी जवळ, जणू त्याच सतरंजीवर वाकून, कुणीतरी आकडे म्हणत होतं. शांत, कामातल्या माणसाचा आवाज. माप घेताना टेलर म्हणतो तसा, शेजारी कुणी लिहून घेत असल्यासारखा.

"उंची पंधरा. बाही आठ. खांदा तेरा."

कापडी टेप सरकल्याची सळसळ आली.

"गळा..."

घोरणं थांबलं.

प्रमिलाने वायर कानातून ओढली आणि मधल्या खोलीत धाव घेतली. अक्का सतरंजीवर होत्या, डोळे उघडे. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मागचं दार आतून लावलेलं होतं. अक्कांनी तिच्याकडे पाहिलं आणि मानेवर हात फिरवला.

"तू व्हतीस का वं? मन्ही मानले हात लाई राह्यनं व्हतं कोनी. थंडगार हात."

"मी नाही, अक्का."

"मंग नानास्नी झंपर शिवाले टाकं व्हई मन्हं," अक्का अर्धवट झोपेत हसल्या. "कोनी तरी माप लिधं."

त्या कुशीवर वळल्या. तेव्हा त्यांच्या मानेवर, कानाच्या खाली दोन बोटांवर, प्रमिलाला ती खूण दिसली. निळ्या खडूची आडवी रेघ, करंगळीच्या नखाएवढी. कापड कुठून कापायचं ते दाखवायला काढतात तशी.

५

नानांनी मोरीवरून येताना तिचा चेहरा पाहिला आणि काही विचारलं नाही. त्यांनी यंत्राची डबी उचलली, स्वयंपाकघरात नेली, पाट्यावर ठेवली आणि कापत्या हाताने वरवंटा उचलून तिच्यावर घातला. पहिला घाव चुकला. दुसराही चुकला. शेवटी प्रमिलाने त्यांच्या हातातून वरवंटा घेऊन डबीचा चुरा केला.

"झालं," नाना म्हणाले. "आता बोलू दे किती बोलायचं ते."

पण ऐकणं बंद झालं म्हणून बोलणारा थांबतो असं थोडंच आहे? दुसऱ्या दिवशी खडूची रेघ मानेच्या दुसऱ्या बाजूलाही होती. अक्का म्हणाल्या कपड्यांच्या निळीचा डाग असेल, आणि पदराने पुसून टाकली. तिसऱ्या दिवशी दोन्ही रेघा होत्या, आणि मधोमध, गळ्याच्या खळगीत, एक फुली.

"अक्कांना घेऊन कुठेतरी जा, नाना!" प्रमिला पाटीवर लिहून दाखवायची, कारण नानांना आता काहीच ऐकू येत नव्हतं. "भडगावला तुमची मुलगी आहे ना?"

"विचारलं मी. हिला पटत नाही. म्हणते, पापडाचं पीठ भिजवलंय. पुनाचं सांगू तिला? तिने माझं एकही पुस्तक वाचलेलं नाही."

प्रमिलाला रडू येईल इतका संताप आला. म्हाताऱ्याचा, पापडांचा, त्या रिकाम्या दाराचा. सांगायचं तर कुणाला सांगायचं? पोलिसांत जाऊन काय म्हणायचं, पुस्तकातला माणूस माप घेऊन गेला?

आणि त्या संतापातच तिला ते सुचलं. तिने पाटी ओढली आणि लिहिलं: "त्याला खूनच करायचा आहे ना? मग आपण कागदावर करून देऊ. तुम्ही सांगा. मंजुळाबाईचा. पहिल्यापासून शेवटपर्यंत. म्हणजे त्याचं काम झालं."

नानांनी ते दोनदा वाचलं. त्यांच्या डोळ्यांत आशा चमकली आणि लगेच विझली.

"मला नाही येत, पोरी," ते म्हणाले. "एकतीस पुस्तकांत मी मेलेली माणसं शोधून दिली. मारलं एकालाही नाही. मला माहीतच नाही ते कसं करतात."

प्रमिलालाही माहीत नव्हतं. तिने आयुष्यात कोंबडीसुद्धा कापली नव्हती. तरी तिने अक्कांना उठवलं, बाहेरच्या खोलीत आपल्या समोर पापड लाटायला बसवलं आणि वही उघडली.

"मी," तिने पहिला शब्द लिहिला. पुस्तक पुनाच्या तोंडून होतं, 'मी'शिवाय चालणार नव्हतं. मी चपला बाहेर काढल्या. मी चपला बाहेर काढल्या. सुरुवातीला शब्द ओढून आणावे लागत होते. मग हात चालू लागला. लघुलेखन करणाऱ्याचा हात डोक्याच्या पुढे धावतो. काय लिहिलं ते तो नंतर वाचतो. तिने मान वर केली नाही. समोर लाटणं फिरत होतं, अक्कांच्या बांगड्या वाजत होत्या, तेवढं तिला पुरेसं होतं. एकदा कूलरचं पाणी संपून तो कोरडा घरघरू लागला. एकदा खोलीत ओल्या कापडावर इस्त्री फिरवल्यासारखा वास आला. तिने लिहिणं थांबवलं नाही. मंजुळाबाई धान्य निवडत बसली होती. तिने एकदा मागे वळून पाहिलं. मग बराच वेळ गेला. माणूस मरायला एवढा वेळ लागतो याची प्रमिलाला कल्पना नव्हती.

मी चपला घातल्या, असं लिहून तिने पेन खाली ठेवलं.

"चहा लेस का वं?" अक्का विचारत होत्या. त्यांच्या मानेवर काहीच नव्हतं. पीठ लागलं होतं थोडं.

प्रमिलाने हो म्हटलं. चहाची बशी धरताना तिच्या लक्षात आलं की बोटं आखडली आहेत. दोन्ही हातांची. दोन्ही तळव्यांवर आडवे लाल वळ उठले होते, बोटभर रुंद, दोन्ही टोकांनी काहीतरी ओढून धरल्यासारखे. पेन तर तिने एकाच हातात धरलं होतं.

६

त्यानंतर नेरकरांच्या घरात काहीच झालं नाही. अक्कांचे पापड झाले, पाऊस लागला, नदीला पाणी आलं.

प्रमिलाने त्या प्रकरणाची स्वच्छ प्रत करून नानांच्या पुढे ठेवली. त्यांनी भिंग धरून ती वाचली. वाचून झाल्यावर ते मधल्या एका पानावर परत गेले.

"चांगलं उतरलंय," ते म्हणाले. "फार चांगलं. पण ही बाई कोण?"

तिने पाटीवर लिहिलं, "मंजुळाबाई."

"मंजुळाबाईला मी चेहराच दिला नव्हता. पुस्तकात ती नुसती एक प्रेत आहे. तू हे कुठून आणलंस?" त्यांनी बोट ठेवून वाचून दाखवलं. उजवा कान फाटून पुन्हा शिवलेला, म्हणून त्या कानातलं फूल पाळीच्या वर घातलेलं. हनुवटीवर तीन ठिपक्यांचं गोंदण. डाव्या भुवईत जुनी खोक. "तुझ्या ओळखीची कुणी आहे का?"

प्रमिलाने घरच्या, शेजारच्या, ती वाढली त्या दीपनगरच्या वीज केंद्राच्या वसाहतीतल्या, शाळेतल्या सगळ्या बाया डोळ्यांपुढे आणल्या. अशी कुणी नव्हती. मग हे गोंदण तिने पाहिलं कुठे? आणि तो कान शिवताना टाके वेडेवाकडे पडले आहेत, हे तिला कसं ठाऊक? ते तर तिने लिहिलंही नव्हतं.

"काढून टाकू का ते?" तिने लिहिलं.

नानांनी मान हलवली. "काढून आता काय होणार?"

दिवाळीला पुस्तक निघालं. कौतिकशेठ जळगावहून मुद्दाम पेढे घेऊन आले. "नाना, ते खुनाचं प्रकरण! वाचताना हाताला घाम फुटला माझ्या. करून आल्यासारखं लिहिलंय हो!" नानांना ऐकू आलं नाही. प्रमिलाला आलं.

पुढच्या वर्षी तिला दीपनगरला टायपिस्टची नोकरी लागली. क्वार्टर मिळालं. आई-वडिलांनी लग्नाच्या गोष्टी काढल्या, तिने त्या पुढे ढकलल्या. कारण काय सांगायचं? आपल्याला एक आठवण आहे, एवढंच तिला सांगता आलं असतं. कल्पना केलेली गोष्ट आणि घडलेली गोष्ट आठवण्यात फरक असतो; केलेली कल्पना वाटेल तशी फिरवता येते. ही फिरत नव्हती. एका मानेचं वजन, निवडलेल्या बाजरीत आपटणाऱ्या टाचा, बांगडीचा तुकडा लागून फरशीवर उठलेला बारीक ओरखडा. हे सगळं तिच्या हातांना आठवत होतं. दोन-तीनदा ती नानांना भेटायला म्हणून धुळ्याला गेली, सगळं सांगायचं ठरवून. नवं मशीन त्यांनी कधी घेतलं नाही. ती पाटी मागायची, हातात घेऊन बसायची आणि "तब्येत कशी आहे?" एवढंच लिहून परत द्यायची. नाना गेले तेव्हा ते तसंच राहिलं.

मात्र एक सवय तिला लागली. एस.टी.त, बाजारात, दवाखान्यात ती बायांचे उजवे कान बघायची. ती बाई कुठेतरी असेल तर? तिला सावध केलं तर? किंवा ती कुठेच नसेल, आणि हे सगळं उन्हाने डोक्यात शिरलेलं खूळ असेल, तर तेही एकदा कळायला हवं होतं. सहा वर्षं तिने कान बघितले. कान शिवलेल्या बाया भेटल्या, गोंदलेल्याही भेटल्या. ती नाही भेटली.

७

१९९२ च्या डिसेंबरात प्रमिला बहिणीकडे निघाली होती. पारोळ्याला गाडी दहा मिनिटं थांबली, म्हणून ती पाय मोकळे करायला उतरली. स्वच्छ दुपार होती, अंगाला गोड लागणारं ऊन. स्टँडवर उसाच्या कांड्यांचे ढीग, केळीच्या हातगाड्या, कपाशी विकून परतणारी माणसं.

पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर एक बाई बसली होती. चाळिशीची, किडकिडीत, हिरवं लुगडं. शेजारी एक म्हातारी गाठोडं धरून बसली होती. बाईने पदर सावरायला मान फिरवली आणि उजव्या कानातलं फूल उन्हात चमकलं. ते पाळीच्या वर घातलं होतं.

प्रमिला चार पावलं पुढे गेली. हनुवटीवर तीन ठिपके. डाव्या भुवईत खोक.

बाई जिवंत होती. शेंगा खात होती, टरफलं पायाशी टाकत होती, म्हातारीला काहीतरी सांगून हसत होती. प्रमिलाच्या छातीवरून सहा वर्षांचा दगड उतरला. डोळ्यांत पाणी आलं. काही झालेलंच नव्हतं. नुसते कागद होते ते, नुसती शाई. तिला त्या बाईचे हात धरावेसे वाटले, नाव विचारावंसं वाटलं, एक कप चहा पाजावासा वाटला. ती हसतच बाकाकडे निघाली.

सावली पायांवर पडली तशी बाईने मागे वळून वर पाहिलं.

शेंगांचा पुडा खाली पडला. बाई उठली नाही, ओरडली नाही. तिने दोन्ही हात आपल्या गळ्याभोवती धरले आणि अंग चोरत चोरत बाकाच्या टोकाला सरकली. म्हातारी घाबरून विचारत होती, "काय व्हयनं वं? कोन शे ती?"

बाईचं लक्ष प्रमिलाच्या चेहऱ्यावरून हलत नव्हतं. बोलायला तिला वेळ लागला. आवाज फाटका, घोगरा होता, बरीच वर्षं नीट न निघालेला.

"मी तुन्हं काय बिघाडं व्हतं, बाई?"